जुने तुर्की विनोदी चित्रपट कुठून सुरू करावेत आणि कसे पाहावेत

तुर्की मालिकांचा नाद आपल्याकडे पुष्कळांना लागला आहे. बॉस्फरसच्या काठावरचे बंगले, श्रीमंत सासवा, संपता न संपणारं प्रेम. त्याच इस्तंबूलमध्ये पन्नास वर्षांपूर्वी एक वेगळाच कारखाना जोरात चालू होता. तिथे कमी पैशांत, घाईघाईने, आवाज मागाहून चिकटवून विनोदी चित्रपट निघत होते. त्यांतल्या निवडक चित्रपटांचे संवाद तुर्की घरांत आजही म्हणींसारखे वापरले जातात आणि दूरचित्रवाणीवर ते पुन्हा पुन्हा लागतात.

नवखा प्रेक्षक मात्र इथे हटकून अडतो. कुणीतरी सांगितलं म्हणून तो सगळ्यांत गाजलेला चित्रपट लावतो, वीस मिनिटं माणसं एकमेकांवर ओरडताना पाहतो आणि बंद करतो. दोष क्रमाचा असतो. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाविषयी आहे: आधी काय, मग काय, काय सोडून द्यायचं आणि पाहताना नजर कुठे ठेवायची.

नजर कुठे ठेवायची ते आत्ताच सांगून टाकतो. या चित्रपटांत पडणं-धडपडणं भरपूर आहे, पाठलाग आहेत, वेषांतरं आहेत. पण खरी गंमत उतरंडीत आहे. कोण कोणाला दटावतो, कोण कोणापुढे वाकतो, थप्पड कोणाच्या हातून निघून कोणाच्या गालावर बसते, याचा माग काढा. भाषा कळली नाही तरी चित्रपट कळायला लागतो.

तयारी: नाव, शोध, सबटायटल्स

या चित्रसृष्टीला येशिलचाम म्हणतात. इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या एका गल्लीचं हे नाव. निर्मात्यांची कार्यालयं तिथे होती, म्हणून सगळ्या उद्योगालाच ते चिकटलं. भर उमेदीत, म्हणजे १९७२ च्या सुमारास, तुर्कस्तानात वर्षाला तीनशेच्या आसपास चित्रपट निघत होते. एवढ्या गर्दीत बरंचसं भरताड असणार हे उघड आहे. त्यामुळे ‘सत्तरच्या दशकातला तुर्की विनोदी चित्रपट’ असा मोघम शोध घेऊ नका. नट किंवा दिग्दर्शकाच्या नावाने शोधा.

पहिलं नाव केमाल सुनाल. दुसरं शेनेर शेन. तिसरं दिग्दर्शक-निर्माता एर्तेम एइलमेझ आणि त्याची संस्था अर्झू फिल्म. ही तीन नावं एवढी पुरतात की बाकीची आपोआप त्यांच्या मागून येतात.

टंकताना एक अडचण येते. तुर्की भाषा रोमन लिपीत लिहितात, पण अक्षरांचे उच्चार वेगळे आहेत. सी हे अक्षर ‘ज’ वाचायचं. सीखाली शेपटी असेल तर ‘च’, एसखाली शेपटी असेल तर ‘श’. जी वर छोटी वाटी असेल तर तो जवळजवळ मुका. बिनटिंबाचा आय दिसला तर ‘इ’ आणि ‘अ’ यांच्या मधला, घशाकडून येणारा स्वर काढायचा. शोधताना शेपट्या आणि टिंबं गाळली तरी चालतं, शोधयंत्रं तेवढं समजून घेतात. त्याहून सोपा मार्ग म्हणजे फोनवर आवाजाने शोधण्याची भाषा तुर्की करून नाव सरळ बोलून टाकणं.

बहुतेक गाजलेले चित्रपट यूट्यूबवर हक्कधारकांच्या वाहिन्यांवर पूर्ण स्वरूपात मिळतात. एकाच चित्रपटाच्या चार-पाच प्रती दिसल्या तर लांबी पाहा. हे चित्रपट साधारण दीड तासाचे असतात. एखादी प्रत सत्तर मिनिटांची असेल तर ती कात्री लागलेली आहे, सोडून द्या. हाताने केलेली इंग्रजी सबटायटल्स असलेली प्रत मिळाली तर चित्र थोडं धूसर असलं तरी तीच निवडा.

यंत्राने केलेल्या सबटायटल्सवर भागवावं लागलं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुर्कीत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे, त्यामुळे यंत्र नायिकेला सर्रास ‘तो’ करून टाकतं. दुसरं, पाठीमागे वाद्यं वाजत असली की यंत्र अर्धा संवाद गिळतं. अशा वेळी थांबवून मागे जाऊ नका. प्रसंग पुढे सरकू द्या, तो अंगविक्षेपांनीच स्वतःचा अर्थ सांगतो. शिवाय तमाम, दुनिया, जवाब, मैदान, साबण असे ओळखीचे शब्द कानावर पडत राहतात. उच्चार थोडा वाकडा असतो इतकंच.

आणि हो, ओठ आणि आवाज जुळणार नाहीत. त्या काळी चित्रीकरण मूक व्हायचं आणि संवाद नंतर स्टुडिओत भरले जायचे. कित्येकदा पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि आवाज भलत्याचाच असायचा. पहिली दहा मिनिटं हे खटकतं. मग डोळा त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

पहिला चित्रपट: ‘तोसुन पाशा’

पुष्कळ जण सुरुवात ‘हबाबाम सिनिफी’ने करायला सांगतात. मी सांगणार नाही. तो चित्रपट महान आहे, पण वर्गातल्या वीस पोरांच्या बडबडीवर चालतो आणि भाषा न कळणाऱ्याला पहिल्याच दिवशी दमवतो. पहिल्यांदा ‘तोसुन पाशा’ पाहा.

साल १९७६. दिग्दर्शक कार्ताल तिबेत. हा माणूस आधी तलवारबाज नायकांच्या भूमिका करायचा, हे त्याचं दिग्दर्शनातलं पदार्पण. कथा यावुझ तुर्गुलची. काळ उस्मानी साम्राज्याचा, जागा इजिप्तमधलं इस्कंदरिया. तेल्लीओलू आणि सेफेरोलू ही दोन बडी घराणी ‘हिरवी दरी’ नावाच्या जमिनीसाठी एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत. त्यातून एका घराण्याला कल्पना सुचते: आपल्या बावळट नोकराला, शाबानला, मोठ्या सेनापतीचा वेष चढवायचा आणि सगळ्यांवर छाप पाडायची.

शाबान म्हणजे केमाल सुनाल. त्याचा मालक लुत्फू म्हणजे शेनेर शेन. आता माग काढा. आधी लुत्फू शाबानला बदडतो. मग तोच शाबान पाशाच्या वेषात दरबारात उभा राहतो आणि लुत्फूला त्याच्यापुढे झुकावं लागतं. दार बंद झालं की पुन्हा मार. दार उघडलं की पुन्हा मुजरा. हा झोका जितका वेगाने हलतो तितका चित्रपट वर चढत जातो. शाबानला आपल्या हाती सत्ता आली आहे हे हळूहळू उमगतं, ते सुनालच्या चेहऱ्यावर पाहा. दात पुढे, डोळे किलकिले, आणि मग अचानक एका भुवईत आलेला पाशा.

शेनेर शेनकडेही तेवढंच लक्ष द्या. सुनाल हसवतो हे खरं, पण हसू पिकतं ते शेनच्या संतापामुळे. ओरडायचं आहे पण ओरडता येत नाही, अशा माणसाचा गळा कसा सुजतो हे त्याच्याकडून पाहावं.

दुसरा चित्रपट: ‘स्युत कार्देशलेर’

त्याच वर्षाचा, एइलमेझचा. नावाचा अर्थ दूधभावंडं. एक गोष्ट माहीत असलेली बरी: एकाच बाईचं दूध प्यालेली मुलं मुस्लिम समाजात सख्खी भावंडं मानली जातात आणि त्यांचं आपसांत लग्न होऊ शकत नाही. कथेतले घोळ या नात्याभोवती फिरतात. नौदलातले दोन सैनिक आहेत, शाबान आणि रमझान. त्यांच्या नावांची अदलाबदल होते. वर एक तापट कप्तान आहे, तो अर्थात शेनेर शेन. आणि रात्री हवेलीत फिरणारं एक प्रचंड उंच भूत आहे, गुल्याबानी. भुताची कल्पना हुसेयिन रहमी ग्युरपिनार या जुन्या कादंबरीकाराची.

भूत आज अगदीच कापडी दिसतं. पण भुतापेक्षा त्याला घाबरणारी माणसं पाहायची आहेत, हे चित्रपटालाही ठाऊक आहे. हा चित्रपट दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसून पाहता येतो, आणि एका अक्षराचीही गरज न लागता ती हसतात.

मंडळी ओळखा

दोन चित्रपट झाले की एक गोष्ट ध्यानात येईल: चेहरे तेच आहेत. अर्झू फिल्म ही खरोखर नाटक मंडळींसारखी चालायची. एइलमेझ आधी प्रकाशक होता, स्वस्त रहस्यकथा छापायचा. सामान्य वाचकाची नस त्याला तिथेच सापडली असावी. पटकथा चार-पाच जणांनी एकत्र बसून, एकमेकांचे विनोद कापत, वाढवत तयार व्हायची. सादिक शेंदिलसारखा मुरलेला नाटककार त्यात होता, यावुझ तुर्गुलसारखा तरुणही. त्यामुळे प्रत्येक नटाला काय शोभतं हे लेखकांना माहीत असायचं आणि नट कुणाच्या वाक्यावर कुणी थांबायचं हे जाणून असायचे. या चित्रपटांचा वेग कॅमेऱ्यामुळे येत नाही. कॅमेरा बहुधा जागेवरच असतो. वेग येतो तो या ओळखीतून.

आता एकेकाला पाहू.

केमाल सुनाल १९४४ साली जन्मला. नाटकातून आला, एइलमेझच्या ‘तातली दिल्लिम’मध्ये (१९७२) छोटीशी भूमिका मिळाली आणि पुढे ऐंशीहून अधिक चित्रपट केले. पडद्यावर भोळसट, प्रत्यक्षात अबोल आणि गंभीर. पन्नाशीत त्याने मार्मारा विद्यापीठातून पदवी घेतली आणि नंतर पदव्युत्तर प्रबंध लिहिला तो स्वतःच्याच विनोदावर. जगात किती विनोदी नटांनी हे केलं असेल? विमानाची त्याला भीती वाटायची. ३ जुलै २००० रोजी चित्रीकरणासाठी त्राब्झोनला निघालेल्या विमानात, उड्डाणापूर्वीच, हृदयविकाराने तो गेला. त्याच्या तोंडी एक शिवी कायम असते, ‘गाढवाच्या पोरा’ अशा अर्थाची. दूरचित्रवाणीवर ती पुसतात, पण पुसल्याचा आवाज आला की सगळ्यांना कळतं काय होतं ते.

आदिले नाशित ही बुटकी, गोल चेहऱ्याची, खळखळून हसणारी बाई तुम्हाला सगळ्यांत आधी आवडेल. तिचे वडील नाशित बेय जुन्या रंगभूमीवरचे नामांकित विनोदी नट. ती बहुधा आई असते, आणि आई म्हणून रडता रडता हसते किंवा उलट. १९८० च्या दशकात ती दूरचित्रवाणीवर मुलांना झोपण्यापूर्वी गोष्टी सांगायची. १९८७ साली ती वारली.

म्युनिर ओझकुल बाप, मास्तर, कारागीर असतो. त्याच्याकडे एक टोपी होती, ती इथे सांगायलाच हवी. तुर्कस्तानात ओर्ताओयुनु नावाचा जुना नाट्यप्रकार होता: मोकळ्या जागेत, चहूबाजूंनी प्रेक्षक, नेपथ्य नावापुरतं, आणि दोन पात्रांची जुगलबंदी. एक शहाणा पिशेकार आणि दुसरा उलटं समजणारा कावुकलू. आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवला तर नवल नाही. या परंपरेतला शेवटचा मोठा नट इस्माईल द्युम्ब्युल्ल्यू याने आपली टोपी, कावुक, १९६८ साली ओझकुलकडे सोपवली. पुढे १९८९ साली ओझकुलने ती फेरहान शेनसोयला दिली. म्हणजे शाबान आणि लुत्फू एकमेकांवर ओरडतात तेव्हा त्यांच्या मागे कितीतरी जुनी जोडी उभी असते. छायाबाहुल्यांतले कारागोझ आणि हाजिवात हेही तसेच: एक रांगडा, एक शिष्ट, आणि शिष्टाची बोली रांगड्याला कळत नाही यातून होणारा गोंधळ.

हालित अकचातेपे, बुटका, चपळ, डोळ्यांत खोडी. आयशेन ग्रुदा, ठसक्यात बोलणारी मोलकरीण किंवा हट्टी पोरगी. झेकी आलास्या आणि मेतिन अकपिनार ही जोडी देवेकुशु काबारे या नाट्यसंस्थेतून आलेली, एक जाडा, एक त्याहून धूर्त. तारिक आकान देखणा नायक, बाकीच्यांना खोड्या काढायला हक्काचं गिऱ्हाईक. या सगळ्यांना एकत्र पाहायचं असेल तर ‘माव्ही बोन्जुक’ लावा. पैसे नसताना बड्या गाझिनोत, म्हणजे गाण्याबजावण्याच्या रंगतदार खाणावळीत, गेलेली आणि मार खाऊन बाहेर पडलेली मित्रमंडळी बदला म्हणून तिथली गायिकाच पळवून आणतात. गायिका आहे एमेल सायिन, स्वतःच्याच भूमिकेत. गुन्हा करायला निघालेली माणसं मुळातच सज्जन निघतात, हा या मंडळींचा आवडता मार्ग.

आता ‘हबाबाम सिनिफी’

चेहरे ओळखीचे झाले, आता हा चित्रपट पचेल. १९७५, एइलमेझ. मूळ कादंबरी रिफात इल्गाझची. इल्गाझ स्वतः शिक्षक होता आणि ही प्रकरणं त्याने आधी एका विनोदी साप्ताहिकात लिहिली. एका खासगी वसतिगृहाच्या शाळेतला नापासांचा वर्ग, सगळे मास्तर हात टेकून बसलेले, आणि एक दिवस नवा करडा उपमुख्याध्यापक येतो, महमुत होजा, म्हणजे म्युनिर ओझकुल. स्वयंपाकघर, घंटा आणि पोरांचे लाड सांभाळणारी हाफिझे आना म्हणजे आदिले नाशित.

विद्यार्थ्यांच्या वयाकडे पाहू नका. सुनाल तिशीला टेकलेला, अकचातेपे छत्तिशी ओलांडलेला. वर्गात शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांपैकी एक तर अकचातेपेचे सख्खे वडील, सितकी अकचातेपे. बापाच्या तासाला छत्तीस वर्षांचा मुलगा कॉपी करतो आहे, हे माहीत असलं की प्रसंग दुप्पट रंगतो.

इथे थपडेचा अर्थ बदलतो. महमुत होजा मारतो, आणि पोरं त्याला घाबरतातही. पण हळूहळू कळतं की या शाळेत पोरांना माणूस समजणारा तो एकटाच आहे. शाळा फीवर चालते, पालकांनी पोरं टाकून दिली आहेत, आणि मास्तरांना पगाराची चिंता. मार खाऊनही पोरं त्याच्या बाजूने का उभी राहतात, हे चित्रपट भाषण न देता दाखवतो. निदान बराच वेळ तरी. शेवटाकडे भाषण येतंच. या काळच्या तुर्की चित्रपटांना भाषणाचा मोह आवरत नाही, तेवढं सोसून घ्या. संगीतकार मेलिह किबारची या चित्रपटातली धून दोन दिवस डोक्यातून जात नाही, याची तयारी ठेवा.

पुढचे भाग १९८१ पर्यंत येत राहिले. पहिले तीन पाहा, पुढचे तुमच्या हौसेवर. तारिक आकान पुढे मालिकेतून बाहेर पडला आणि सुनालही अखेरपर्यंत राहिला नाही, ते जाणवतं.

घरगुती चित्रपट

यांच्यावर फार वेळ घालवत नाही, कारण ते स्वतःच स्वतःला समजावून सांगतात. ‘नेशेली ग्युनलेर’ (१९७८) मध्ये लोणचं विकणारं नवरा-बायकोचं जोडपं आहे. लोणच्यात लिंबू चांगलं की व्हिनेगर यावरून दोघं भांडतात आणि भांडण इतकं वाढतं की सहा पोरं निम्मी-निम्मी वाटून ते वेगळे राहतात. ओझकुल आणि नाशित. ज्या घरात आमटीत गूळ घालावा की नाही यावरून अबोला धरला गेला आहे, तिथे हा चित्रपट सबटायटल्सशिवाय चालेल. ‘ग्युलेन ग्योझलेर’ (१९७७) मध्ये मुलगा हवा म्हणून हट्ट धरलेल्या बापाला मुलीच होतात आणि तो त्यांना मुलांची नावं ठेवतो. विनोद ठीक, पण बापाच्या हट्टाकडे चित्रपट जरा जास्तच मायेने पाहतो, असं माझं मत.

मग ‘राजे’ पाहा

इथून विनोदाला धार येते, आणि मला विचाराल तर हाच सगळ्यात चांगला टप्पा.

पार्श्वभूमी एवढी हवी: १९५० नंतर तुर्कस्तानातली खेडी इस्तंबूलकडे वाहू लागली. आशियाई बाजूच्या हायदरपाशा स्थानकावर गाडी थांबते, बोचकं घेतलेला माणूस पायऱ्यांवर येतो, समोर समुद्र आणि पलीकडे शहर: हा प्रसंग किती चित्रपटांत आहे त्याला गणती नाही. शहरात राहायला जागा नसते, म्हणून रातोरात उभ्या केलेल्या घरांच्या वस्त्या होतात, त्यांना गेजेकोंदू म्हणतात. आणि मिळणारी कामं म्हणजे इमारतीचा रखवालदार, सफाई कामगार, मोलकरीण, बांधकामावरचा मजूर. गिरणगाव आणि कोकणातली बोट पाहिलेल्या मुंबईला हे समजावून सांगायला नको.

‘कापिजिलार क्राली’ (१९७६), म्हणजे रखवालदारांचा राजा. दिग्दर्शक झेकी ओक्तेन, लेखक उमुर बुगाय. इस्तंबूलच्या मध्यमवर्गीय इमारतीत कापिजी तळघरात राहतो. सकाळी पाव आणि वर्तमानपत्र दारोदारी देतो, कचरा नेतो, बंबात कोळसा घालतो, आणि प्रत्येक मजल्याची हाक खाली त्याच्याकडे येते. सुनालचा सेयित मात्र शाबानसारखा भोळा नाही. प्रत्येकाची कमजोरी त्याला ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरची माणसं त्याला हुकूम सोडत राहतात आणि तो ‘हो साहेब’ म्हणत म्हणत इमारत हळूहळू आपल्या खिशात घालतो. याच भूमिकेसाठी १९७७ साली त्याला अंताल्याच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. सुनालला फक्त दात काढणारा नट समजणाऱ्यांना हा चित्रपट दाखवावा.

‘चोपच्युलेर क्राली’ (१९७७), म्हणजे सफाई कामगारांचा राजा, याच दिग्दर्शक-लेखक जोडीचा. सुनालचा आप्ती सफाई कामगार, हाजेर मोलकरीण. ती आयशेन ग्रुदा. आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला झाबिता, म्हणजे फेरीवाल्यांवर, दुकानांवर रुबाब करणारा नगरपालिकेचा गणवेशधारी माणूस, तो शेनेर शेन. इथे उतरंड अगदी दोन पायऱ्यांची आहे. झाबिता स्वतः काही फार मोठा नाही, त्याच्यावर पुष्कळ साहेब आहेत. म्हणूनच तो आप्तीला इतका छळतो. छोट्या अधिकाराचं मोठं वेड शेनइतकं अचूक कुणी दाखवलेलं मला ठाऊक नाही. टोपी सरळ करण्याची त्याची लकब पाहा.

मागे वळून: टोपीवाला ओमेर

सत्तरचं दशक पचलं की मागे १९६० च्या दशकात जा. इथे चित्रपट बरेचसे कृष्णधवल, कथा सैल, आणि सगळा भार एकाच नटावर. फेरिदुन काराकायाचा ‘जिलाली इबो’, ओझत्युर्क सेरेंगिलचा ‘अदानाली तायफुर’ यांतलं एकेक पाहिलं तरी चालेल. सेरेंगिलचा विनोद त्याने स्वतः घडवलेल्या बोलीवर उभा आहे, तो अनुवादात येत नाही.

सादरी अलिशिकचा ‘तुरिस्त ओमेर’ मात्र पाहाच. पहिला चित्रपट १९६४ चा, दिग्दर्शक हुल्की सानेर. चुरगळलेली टोपी, ढगळ कपडे, खास स्वतःचा सलाम, खिशात दमडी नाही आणि जगाशी भांडणही नाही. आपल्याला हा माणूस कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो, आणि त्याला कारण आहे. राज कपूरचा ‘आवारा’ १९५५ साली तुर्कस्तानात लागला आणि तिथे वेड लागल्यासारखा चालला. त्याचं गाणं लोक तुर्कीत गुणगुणू लागले. १९६४ साली त्याचा तुर्की अवतार ‘आवारे’ नावाने निघाला, आणि त्यात नायक होता हाच सादरी अलिशिक. चॅप्लिनला तुर्की लोक शार्लो म्हणतात. शार्लोकडून राजकडे आणि राजकडून ओमेरकडे आलेली ही भटक्याची वाट आपल्या मुंबईतून गेली आहे.

ओमेरच्या मालिकेतला शेवटचा, ‘तुरिस्त ओमेर उझाय योलुंदा’ (१९७३), हा जगभरच्या विचित्र-चित्रपटप्रेमींचा लाडका. बंदुकीच्या धाकावर लग्न लावलं जात असताना ओमेर अचानक अंतराळयानात खेचला जातो, आणि ते यान सरळसरळ ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेचं आहे. परवानगी वगैरे कुणी विचारली नव्हती. परग्रह म्हणून एफेससचे प्राचीन अवशेष दिसतात. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’चा पहिला चित्रपट यायला अजून सहा वर्षं होती. याला हसणारे पुष्कळ लोक त्याच्या पुठ्ठ्याच्या यानाला हसतात. जरा नीट पाहिलं तर दिसेल की अलिशिकही त्यालाच हसतो आहे. तर्कशुद्ध कान-टोकदार अधिकाऱ्यासमोर इस्तंबूलचा टवाळ उभा करून त्याला निरुत्तर करणं, हा कारागोझचाच खेळ आहे.

काय टाळायचं, काय सोसायचं

१९७४ नंतर दूरचित्रवाणीमुळे कुटुंबं चित्रपटगृहांपासून दुरावली तेव्हा पुष्कळ निर्माते कामुक विनोदी चित्रपटांकडे वळले. शोधात तेही समोर येतात. घरात मोठ्या पडद्यावर लावण्याआधी पहिली पाच मिनिटं एकट्याने पाहून घ्या.

१९८० च्या लष्करी उठावानंतर वातावरण आवळलं गेलं, आणि नंतर व्हिडिओ आला. सुनाल वर्षाला कितीतरी चित्रपट करू लागला, त्यांत ‘शाबान’ हे नाव शीर्षकात घालून काढलेले बरेच सुमार आहेत. ‘एन ब्युय्युक शाबान’ (१९८३) तेवढा पाहता येतो. तो चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’वरून घेतला आहे, आंधळ्या फुलवालीसकट. मूळ चित्रपट ताजा असेल तर सुनाल कुठे नक्कल करतो आणि कुठे स्वतःचं काढतो हे ताडून पाहण्यात मजा आहे.

सोसायचं म्हणाल तर बायकांवर हात उगारणं, जाड माणसांची चेष्टा, पूर्वेकडच्या बोलीची नक्कल हे सगळं आहे. मुलांबरोबर पाहत असाल तर त्याबद्दल बोलावं लागेल. दुर्लक्ष करून ते नाहीसं होत नाही.

दोन आगा, दोन संध्याकाळी

शेवटची जोडी सलग दोन दिवस पाहायची आहे, आणि त्याच क्रमाने.

पहिल्या दिवशी ‘किबार फेयझो’ (१९७८), दिग्दर्शक अतिफ यिलमाझ. सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून फेयझो गावी येतो. त्याला ग्युलोशी लग्न करायचं आहे, पण वधूच्या बापाला द्यायची रक्कम, बाश्लिक, त्याच्याकडे नाही. प्रतिस्पर्धी बिलो बोली वाढवत नेतो. आणि वर बसला आहे गावाचा मालक माहो आगा: जमीन त्याची, माणसं त्याची, कायदाही त्याचाच. फेयझो सुनाल, ग्युलो म्युज्दे आर, बिलो इल्यास सालमान, माहो आगा शेनेर शेन. शहरात मजुरी करून आलेला फेयझो तिथल्या भिंतींवर वाचलेला एक नवा शब्द गावी आणतो आणि आगाला चिकटवतो: ‘फाशो आगा’. अर्थ कुणालाच नीट ठाऊक नाही, आगालाही नाही, पण शिवी आहे हे सगळ्यांना कळतं. सुनालच्या कारकिर्दीतला सगळ्यांत राजकीय विनोद इथे आहे आणि तो एका थपडेच्या अंतरावर सतत उभा असतो.

दुसऱ्या दिवशी ‘झ्युग्युर्त आगा’ (१९८५). लेखक यावुझ तुर्गुल, दिग्दर्शक नेसली चोलगेचेन. पुन्हा शेनेर शेन, पुन्हा आगा. पण या वेळी दुष्काळ आहे, गावकरी एकेक करून शहराकडे निघून गेले आहेत, आणि कंगाल झालेला आगा त्यांच्या मागोमाग इस्तंबूलला येऊन टोमॅटो विकतो. विकायचे तर ओरडायला हवं, आणि आयुष्यभर इतरांवर ओरडलेल्या माणसाला आता टोमॅटोचं नाव मोठ्याने घ्यायची लाज वाटते. ‘किबार फेयझो’ आदल्या दिवशी पाहिलेला असेल तरच हा प्रसंग पुरता लागतो, म्हणून मध्ये आठवडा जाऊ देऊ नका. यात सुनाल नाही, आणि पडणं-धडपडणंही फारसं नाही. इथवर आलात की त्याची गरजही भासणार नाही. पुढे याच लेखक-नटांचा ‘मुहसिन बेय’ (१९८७) आहे, पण तो विनोदी चित्रपटांच्या खणात ठेवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.